दार उघडेना, पण गाणं हिट!

रस्त्यात एक तरुण उभा. समोर तिचं घर, आत ती, दार बंद. हातात फुलं, आणि जागचं हलायचं नाव नाही. आपल्याकडे अशा इसमाला आळीतल्या आजोबांनी 'कुणाकडे आलायत?' म्हणून दोनदा तरी हटकलं असतं. लंडनच्या फ्रेडी आइन्सफर्ड-हिलला कुणी हटकलं नाही, त्यामुळे जगाला एक झकास गाणं मिळालं: 'ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह'. नाटक 'माय फेअर लेडी', शब्द अॅलन जे लर्नर यांचे, चाल फ्रेडरिक लोव यांची. १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंगर थिएटरात पडदा उघडला आणि ब्रॉडवेवर २७१७ प्रयोग झाले. त्या गाण्याच्या आणि त्या बिचाऱ्या फ्रेडीच्या या काही चटकदार गोष्टी.

१. नायकाला डावलून दिलेलं प्रेमगीत

कोव्हेंट गार्डनात फुलं विकणारी एलायझा डूलिटल आणि तिला उमरावांसारखं बोलायला शिकवण्याची पैज मारणारे प्रोफेसर हेन्री हिगिन्स ही या नाटकाची मुख्य जोडी. पण हे दोघं एकमेकांना प्रेमाचं अक्षर ऐकवत नाहीत. एलायझा रात्रभर नाचण्याच्या गोष्टी करते, पण कुणासाठी ते सांगत नाही. हिगिन्स शेवटी फार तर एवढंच कबूल करतात, की तिच्या चेहऱ्याची सवय झालीय! छातीठोकपणे प्रेमात पडून गायलेलं गाणं नाटकात एकच आहे आणि ते मिळालंय कथेत जेमतेम जागा असलेल्या फ्रेडीला. लग्नात नवरदेव गप्प बसावा आणि मावसभावाने नाचून भाव खाऊन जावा, त्यातली गत.

२. 'हे नाटक गाण्यात बसणार नाही'

मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन'. त्याचं म्युझिकल करायचा घाट लर्नर-लोव यांच्याआधी रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या दिग्गज जोडीने घातला होता. बराच काळ डोकं खाजवून त्यांनी नाद सोडला आणि हॅमरस्टाइन यांनी लर्नरना तसं सांगूनही टाकलं. लर्नर-लोव यांनीही पहिल्या झटापटीत हात टेकले होते. अडचण उघड होती. म्युझिकलला प्रेमकथा लागते आणि शॉ यांनी ती हट्टाने टाळलेली. नायक-नायिका चहा पीत भांडताहेत, मग प्रेमाचं गाणं म्हणायचं कुणी? पुढे जोडी पुन्हा कामाला लागली, तेव्हा उत्तर मिळालं: जो मोकळाच आहे, त्याने!

३. शॉ यांचा नकार आणि ऑपेरेटाचा सूड

शॉ हयात असेपर्यंत 'पिग्मॅलियन'वर कुणी सूर चढवू शकलं नाही. त्यांच्या 'आर्म्स अँड द मॅन'वरून १९०८ मध्ये 'द चॉकलेट सोल्जर' हा ऑपेरेटा निघाला, तेव्हापासून ते असे भडकले होते की पुन्हा परवानगीच नाही. 'द मेरी विडो'चे संगीतकार फ्रान्झ लेहार यांनी 'पिग्मॅलियन' मागितलं, त्यांनाही नन्नाचा पाढा. आता गंमत बघा. बर्लिनमध्ये त्याच 'मेरी विडो'त काउंट डॅनिलोची भूमिका गाजवणारे गायकनट होते एडमंड लोव, म्हणजे आपल्या फ्रेडरिक लोव यांचे वडील. लेहारना जे साधलं नाही, ते त्यांच्या नायकाच्या पोराने करून दाखवलं. अर्थात शॉ १९५० मध्ये वारल्यानंतर.

४. आधी टोपली लाथाडली, मग फुलं आणली

फ्रेडी आणि एलायझाची पहिली भेट त्या दाराशी झालेली नाही. शॉ यांच्या नाटकात पडदा उघडतो तेव्हा रात्रीचा पाऊस कोसळतोय आणि आई-बहिणीसाठी टॅक्सी शोधायला पिटाळलेला फ्रेडी धावता धावता एका फुलवालीवर आदळतो. तिची व्हायोलेटची फुलं चिखलात. साहेब घाईघाईने माफी मागून पसार. ती फुलवाली म्हणजेच एलायझा. पुढे तीच नटूनथटून समोर येते, तेव्हा हा तिला ओळखत नाही आणि क्षणात पाघळतो. तिची टोपली उधळणारा माणूस नंतर तिच्याच दारात फुलं घेऊन उभा राहतो, याची त्याला गंधवार्ताही नसते.

५. पहिल्या रात्री टाळी नाही की काही नाही

फेब्रुवारी १९५६. न्यू हेवनच्या शुबर्ट थिएटरात चाचणीचे प्रयोग. बाहेर हिमवादळ, आत हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसन यांचा रुसवा: एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर मी आज गाणार नाही! शेवटच्या घटकेला त्यांची समजूत निघाली आणि प्रयोग रंगला. पण फ्रेडीचं गाणं आलं आणि प्रेक्षागृह थंड. आपल्या संगीत नाटकांच्या भाषेत सांगायचं, तर वन्स मोअर राहू दे, साधी दादही नाही.

लोकांनी गाणं काढून टाकायचा सल्ला दिला. खुद्द लोव यांनाही आपलीच चाल फारशी रुचली नव्हती. अडून बसले ते लर्नर. चांगलं गाणं पडलं का, याचा त्यांनी छडाच लावला आणि कारण निघालं भलतंच. लोकांना गाणं आवडलं नव्हतं असं नाही. हा कोण उपटलाय, हेच त्यांना कळत नव्हतं! आधीच्या प्रवेशात अॅस्कॉटच्या रेसकोर्सवर सगळे पुरुष एकसारखे टेलकोट आणि उंच टोप्या घालून उभे. त्यांतला फ्रेडी कोणता, हे कोण लक्षात ठेवणार?

औषध दोन चमच्यांचं निघालं. गाण्याच्या आधीची लाडिक प्रस्तावना लर्नरनी फेकून दिली आणि नवी लिहिली. अॅस्कॉटला एलायझाने आपल्या मावशीच्या मरणाची जी भयंकर हकिगत उच्चभ्रूंना अगदी शुद्ध उच्चारांत ऐकवलेली असते (बापाने मावशीच्या घशात जिन ओतली आणि तिने चमच्याचं टोकच चावून तोडलं!), तिची उजळणी फ्रेडी भारावून करतो. लोकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश: अरे, हा तोच, मघाशी खिदळणारा! शिवाय दारात घरच्या बाई नाव विचारतात, तेव्हा तो नाव सांगून वर पुस्तीही जोडतो, की नाव नाही आठवलं, तर तिच्या बोलण्यावर हसणारा तो मीच, असं सांगा. एवढ्या डागडुजीने तेच गाणं, त्याच सुरावटीत, टाळ्यांनी प्रयोग थांबवू लागलं. नवोदित नाटककारांनी भिंतीवर लावून ठेवावा असा धडा आहे हा. गाणं पडलं की पहिला संशय चालीवर घेऊ नये, आधीचा प्रवेश तपासावा.

६. कात्री दुसऱ्यांवर चालली

फ्रेडी वाचला, पण न्यू हेवनमध्ये कात्री काही रिकामी राहिली नाही. एक लांबलचक बॅले, 'कम टू द बॉल' आणि 'से अ प्रेअर फॉर मी टुनाइट' ही गाणी बाहेर गेली. यातलं प्रार्थनेचं गाणं वाया गेलं नाही. लर्नर-लोव यांनी ते १९५८ च्या 'गिगी' चित्रपटात वापरलं आणि 'गिगी'ला नऊ ऑस्कर मिळाली. नाटकात नको झालेल्या मालाने सिनेमात चांगलाच संसार थाटला.

७. पत्ता: विम्पोल स्ट्रीट

गाण्यात गल्लीचं नाव येत नाही. म्हणूनच ते कुणाच्याही गल्लीला चिकटतं. नाटकात मात्र पत्ता पक्का आहे: २७ए, विम्पोल स्ट्रीट, लंडन. हा मेरिलबोनमधला खराखुरा रस्ता, हार्ले स्ट्रीटचा शेजारी आणि डॉक्टरांच्या पाट्यांसाठी प्रसिद्ध. फ्रेडीला इथे लायलॅकचा बहर दिसतो आणि चंडोलाचं गाणं ऐकू येतं. चंडोल हा मोकळ्या माळरानावरचा पक्षी, डॉक्टरांच्या गल्लीत तो कुठून येणार? पण प्रेमात पडलेल्या माणसाशी पक्षीनिरीक्षणावर वाद घालू नये.

८. त्याच रस्त्यावरचे यशस्वी प्रेमवीर

फ्रेडीला दार उघडलं नाही, पण या रस्त्यावर सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. ५० नंबरच्या घरात कवयित्री एलिझाबेथ बॅरेट राहायच्या, आजारी आणि कडक बापाच्या धाकात. कवी रॉबर्ट ब्राउनिंग त्यांना भेटायला येत. घरातल्या फ्लश नावाच्या कुत्र्याने त्यांचा चावाही घेतला. तरी गडी हटला नाही. १२ सप्टेंबर १८४६ रोजी दोघांनी जवळच्याच मेरिलबोन चर्चमध्ये गुपचूप लग्न उरकलं आणि आठवडाभरात इटलीची वाट धरली.

५७ नंबरवाल्याची तर आणखी चैन. १९६० च्या दशकात बीटल्सचा पॉल मॅकार्टनी प्रेयसी जेन अॅशरच्या घरीच राहायला गेला, तेही तिच्या आईवडिलांसकट! माळ्यावरची खोली मिळाली आणि तिथेच एका सकाळी स्वप्नातून उठताना त्याला 'यस्टरडे'ची चाल सुचली. फ्रेडीला त्या रस्त्यावर उभं राहून एक गाणं मिळालं, पॉलला त्याच रस्त्यावर झोपा काढून.

९. पडद्यावरचा फ्रेडी आणि उसना गळा

१९६४ च्या चित्रपटात एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नसाठी बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी गायली, हे जगजाहीर. पण फ्रेडीचा गळाही उसनाच होता. पडद्यावर जेरेमी ब्रेट, आवाज बिल शर्लीचा. डिस्नेच्या १९५९ मधल्या 'स्लीपिंग ब्यूटी'त राजपुत्र फिलिपला आवाज देणारा तोच हा शर्ली. म्हणजे राजकन्येला झोपेतून उठवणारा आवाज इथे एका फुलवालीला दारापर्यंत आणू शकला नाही.

ब्रेटला गाता येत नव्हतं अशातला भाग नाही. १९६८ मध्ये बीबीसीसाठी त्याने 'मेरी विडो'तला डॅनिलो रंगवला. हो, लोव यांच्या वडिलांचाच तो डॅनिलो! आणि ज्या विम्पोल स्ट्रीटवर तो उभा दिसतो, तो लंडनमधला नाहीच. सगळा रस्ता कॅलिफोर्नियात बरबँकच्या वॉर्नर स्टुडिओत उभारलेला.

१०. फ्रेडी ते शेरलॉक

पुढे १९८४ ते १९९४ या काळात हाच ब्रेट टीव्हीवर शेरलॉक होम्स झाला आणि अनेकांच्या मते आजवरचा अव्वल होम्स ठरला. आता धागा जुळवा. होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९१ मध्ये नेत्रतज्ज्ञ म्हणून दवाखाना थाटला होता २, अप्पर विम्पोल स्ट्रीटला. त्यांच्याच सांगण्यानुसार एकही रुग्ण फिरकला नाही, म्हणून बसल्या बसल्या ते कथा लिहू लागले. 'ब्लू कार्बंकल'च्या कथेत होम्स आणि वॉटसन थंडीत पायी निघतात, ते याच विम्पोल स्ट्रीटवरून. थोडक्यात, या रस्त्यावर कुणाची तरी वाट बघत बसणं हा जुनाच उद्योग आहे. कधी त्यातून गाणं होतं, कधी गुप्तहेर.

११. एक गाणं, दोन वर्षं, दोन देश

१९५६ मध्येच विक डॅमोनने गायलेली तबकडी अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. एडी फिशरची आवृत्ती अठराव्या क्रमांकावर पोचली. ब्रिटनमध्ये मात्र सारं सामसूम, कारण लंडनचा प्रयोग सुरू होईपर्यंत तिथे गाण्यांना बंदी! उत्सुकता ताणून धरायची युक्ती. अखेर ३० एप्रिल १९५८ रोजी ड्रुरी लेनला पडदा उघडला आणि त्याच उन्हाळ्यात डॅमोनची दोन वर्षांची शिळी तबकडी तिथे थेट पहिल्या क्रमांकावर. दोन आठवड्यांपैकी एक आठवडा तिला एव्हर्ली ब्रदर्सबरोबर सिंहासन वाटून घ्यावं लागलं, एवढंच. १९६४ मध्ये चित्रपट आला तसं अँडी विल्यम्सनेही हेच गाणं पुन्हा अमेरिकन यादीत नेऊन बसवलं.

१२. तबकडीवाल्यांचं डोकं

नाटकाचा सगळा भांडवली खर्च उचलला सीबीएस या प्रसारण कंपनीने. मध्यस्थ होते तिच्याच कोलंबिया रेकॉर्ड्सचे गोडार्ड लीबरसन. बदल्यात गाण्यांच्या तबकडीचे हक्क. शुभारंभानंतर दहाच दिवसांनी, रविवारी सुट्टी साधून कलाकारांना स्टुडिओत उभं केलं गेलं. फ्रेडी तेव्हा होता जॉन मायकेल किंग. ती तबकडी पहिल्या क्रमांकावर तर गेलीच, पण बिलबोर्डच्या यादीत ४८० आठवडे ठाण मांडून बसली. सीबीएसने पैसा कुठे लावला होता, हे वेगळं सांगायला नको.

१३. जॅझवाल्यांची लूट

१९५६ मध्येच ड्रमवादक शेली मॅन, पियानोवर आंद्रे प्रेविन आणि बेसवर लीरॉय विनेगर यांनी या एकाच नाटकाच्या गाण्यांवर अख्खी जॅझ तबकडी काढली. ती इतकी खपली, की प्रत्येक गाजलेल्या म्युझिकलची जॅझ आवृत्ती काढायची टूमच निघाली. आणि गंमत म्हणजे चित्रपट आला, तेव्हा संगीताची धुरा याच प्रेविनकडे आली आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. चोरी केलेल्या दुकानाच्या किल्ल्याच हातात!

१४. आठ वेळा बोहल्यावर

एका मुलीपायी जग विसरणाऱ्या तरुणाचे शब्द लिहिणारे लर्नर स्वतः आठ वेळा लग्न करून मोकळे झाले. एकनिष्ठेचा अनुभव नसला तरी प्रेमात पडण्याचा सराव दांडगा, हे कबूल करायला हवं. १९७८ मध्ये त्यांनी आठवणी लिहिल्या, तेव्हा पुस्तकाला नाव दिलं 'द स्ट्रीट व्हेअर आय लिव्ह'. सगळ्यांनी काढा म्हटलेल्या गाण्याचं नावच शेवटी थोड्या फरकाने मुखपृष्ठावर झळकलं.

१५. दार उघडलं, पण…

दुसऱ्या अंकात फ्रेडी पुन्हा तिथेच, पुन्हा तेच गाणं सुरू. या वेळी दार खरंच उघडतं आणि हिगिन्सशी भांडून तणतणलेली एलायझा बाहेर येते. तो आणखी दोन गोड शब्द जोडायला जातो आणि बाईंचा बांध फुटतो. 'शो मी' हे तिचं गाणं म्हणजे फ्रेडीची भर रस्त्यात हजेरी: बोलणी पुरे, प्रेम असेल तर करून दाखव! नाटकाच्या सुरुवातीपासून तिला नुसते शब्दच ऐकावे लागलेले. हिगिन्सचे व्याकरणाचे, फ्रेडीचे चांदण्यांचे. नाटकातलं सगळ्यात लाडिक गाणं ज्या नायिकेसाठी आहे, तीच त्याची सगळ्यात कडक समीक्षक निघते.

१६. मंजुळाच्या गल्लीत कोणी गायलं नाही

आपल्याकडे 'पिग्मॅलियन' आलं पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तून, १९७५ मध्ये, आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळाने मराठी प्रेक्षकांना वेड लावलं. एवढी नाट्यसंगीताची परंपरा, पण हे नाटक गाण्यांशिवाय झालं. तरी कान देऊन ऐकलं तर म्युझिकलची चाहूल लागते. मास्तरांवर सूड उगवायची स्वप्नं बघणारं मंजुळाचं ते गाजलेलं स्वगत घ्या. शॉ यांच्या नाटकात तसं काही नाही, 'माय फेअर लेडी'त मात्र एलायझाचं याच थाटाचं संतापगीत आहे. पुढे १९८० मध्ये बासू चॅटर्जी यांनी हिंदीत 'मनपसंद' काढला, तेव्हा देव आनंद आणि टीना मुनीम यांच्यासाठी राजेश रोशन यांनी गाण्यांची कसर भरून काढली.

१७. आजोबा हिगिन्स, नातू फ्रेडी

१९१४ मध्ये लंडनला 'पिग्मॅलियन' झालं, तेव्हा हिगिन्स होते हर्बर्ट बीरबोम ट्री. शॉ यांचा सक्त हुकूम होता, की हिगिन्स-एलायझाचं जमणार नाही. ट्रीसाहेबांनी शेवटी एलायझाकडे हळूच फुलं फेकायला सुरुवात केली आणि शॉ यांचा पारा चढला. १९३८ च्या 'पिग्मॅलियन' चित्रपटात फ्रेडी कोण होता? डेव्हिड ट्री, म्हणजे याच ट्रीसाहेबांचा नातू. फुलं घेऊन ताटकळणं घराण्यातच असावं!

१८. नको म्हणणाऱ्याच्याच नावाने पैसा

शॉ यांनी मृत्युपत्रात पुढच्या मानधनाचे वाटेकरी नेमले होते: ब्रिटिश म्युझियम, लंडनची नाट्यसंस्था राडा आणि डब्लिनमधलं आयर्लंडचं राष्ट्रीय कलादालन. 'माय फेअर लेडी'ने या तिघांची चांदी केली. आपल्या नाटकाचं म्युझिकल होऊ न देणाऱ्या शॉ यांच्या वाट्याच्या पैशातून कलादालनाच्या भिंतींवर चित्रं लागली. त्यात रोज रात्री बंद दारापुढे गाणाऱ्या फ्रेडीचाही खारीचा वाटा.

१९. आणि अखेरचा धक्का: फ्रेडीच जिंकला!

'माय फेअर लेडी'त एलायझा शेवटी हिगिन्सच्या अभ्यासिकेत परतते. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये दिग्दर्शक बार्टलेट शेर यांनी तिला परत बाहेर पाठवलं, ती प्रेक्षकांतून चालत निघून गेली. पण शॉ यांनी आपला निकाल १९१६ मध्येच छापील उपसंहारात देऊन ठेवला होता. एलायझा लग्न करते ते फ्रेडीशी! लर्नरना हा शेवट पटला नव्हता आणि त्यांनी तो खुशाल बाजूला ठेवला.

शॉ यांचा शेवट मात्र भलताच रंगतदार आहे. नवरा-बायको व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमजवळच्या एका स्टेशनच्या कमानीत फुलांचं दुकान काढतात. भांडवल हिगिन्सच्या मित्राचं, कर्नल पिकरिंगचं. हिशेब दोघांनाही जमत नाही, म्हणून जमाखर्चाचे वर्ग होतात, थेट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं दारही ठोठावून होतं आणि फुलांच्या धंद्याला उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासक्रम सांगा, अशी संचालकांना विनवणी होते. या संस्थेच्या संस्थापकांत शॉ स्वतः होते, तेव्हा ही टपली त्यांनी घरच्याच माणसाला मारलीय. हळूहळू दुकानात फुलांच्या जोडीला भाजी येते, अॅस्परॅगसने धंद्याला प्रतिष्ठा मिळते आणि संसार मार्गी लागतो. गिऱ्हाइकाला भाजी बांधून देताना फ्रेडी गुणगुणत असे की नाही, याबद्दल मात्र शॉ यांनी अवाक्षर लिहिलेलं नाही. त्यांना गाणी नकोच होती ना!